वजा एक सेंटीमीटर

सासूला बरोबर घेऊन गळ टाकायला जाणारा माणूस जगात आणखी कोणी असेल तर असो, कुलूपवाल्याला तरी तो अजून भेटला नव्हता. दर रविवारी दुपारी तो वस्तीबाहेरच्या जुन्या दगडखाणीतल्या तळ्यावर जायचा. पुढे तो, डाव्या खांद्यावर काठी आणि पाठीला पिशवी. मागे सासूबाई, काखेत घडीची खुर्ची आणि हातात विणकाम. याला पाण्याजवळ एकटं सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको बस आगारात कामाला, तिला रविवारची सुट्टी नव्हती. "मी जाईन," असं सासूबाईंनी जाहीर केलं, आणि त्या घरात त्यांनी काही जाहीर केलं की विषय तिथेच संपायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला होता. दुकानातच, एका जुन्या तिजोरीच्या कुलपाशी झटापट चालू असताना. पाय सुधारला, जीभ सुधारली (सासूबाईंच्या मते गरजेपेक्षा जास्तच), पण उजवा हात काही परत आला नाही. तो खांद्यातून हलायचा, कोपरात थोडासा वाकायचा, बोटं मात्र कशालाच दाद द्यायची नाहीत. काम नाही, ऊन नाही, त्यामुळे तो बारीक आणि पांढुरका होत गेला. डावा हात दोघांचं काम करून दांडगा झाला, रापला, त्याच्या नखांत पितळेचा कीस कायमचा बसला.

पण खरा त्रास हाताचा नव्हता. खरा त्रास लोकांच्या चांगुलपणाचा होता. गिऱ्हाईकं त्याच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायची, जणू झटका कानाला आला होता. घराबाहेर अडकून पडलेला माणूससुद्धा "होऊ द्या सावकाश, मला काही घाई नाही" म्हणायचा आणि घड्याळाकडे बघायचा. कोणी त्याच्याशी भांडेना. वीस वर्षं किल्ली नीट बसली नाही की तणतणत येणारी माणसं आता तीच किल्ली खिशात घालून, हसून, गुपचूप दुसऱ्या दुकानात जायची.

पत्त्यांच्या अड्ड्यावर तर कहर झाला. दुकान बंद केल्यावर बेकरीच्या मागच्या खोलीत चौघं जण पानं कुटायचे, ही जुनी सवय. एका हाताने पानं धरता येईनात म्हणून त्याने खाचा पाडलेली एक लाकडी पट्टी केली, पानं तिच्यात उभी राहायची. झटक्यानंतर तो रोज जिंकायला लागला. पहिल्या आठवड्यात त्याला वाटलं, चला, नशीब एका बाजूने तरी उघडलं. मग एके दिवशी त्याने बदामाचा राजा टाकला. बेकरीवाल्याने त्यावर बदामाची दुर्री टाकली. आणि थोड्या वेळाने तोच बेकरीवाला बदामाचा एक्का भलत्याच रंगावर फुकट घालवताना त्याने पाहिला. एक्का हातात असताना दुर्री! त्याने डाव संपवला, पट्टी उचलली आणि पुन्हा त्या खोलीत गेला नाही. बेकरीवाला दोनतीनदा बोलवायला आला, तेव्हा "डोकं दुखतंय" म्हणाला. बेकरीवाल्याने डोकेदुखीसाठी गरम पाव पाठवून दिला. अशा माणसावर रागावणार तरी कसं?

अशा दिवसांत त्याला ती स्पर्धा सापडली. मोबाइलवरची. कुठल्या कुठल्या गावांतली, कुठल्या कुठल्या पाण्यांवरची माणसं तिच्यात होती. मासा आपल्याच तळ्यात, आपल्याच काठावर पकडायचा, मोजायच्या फळीवर आडवा ठेवायचा, फोटो काढायचा, आणि मासा जिवंत पाण्यात सोडून द्यायचा. फोटो पाठवला की पंच तो तपासायचे. महिनाभरातल्या सगळ्यांत लांब तीन माशांची बेरीज म्हणजे आपला आकडा. नियम कडक होते. माशाचं तोंड मिटलेलं आणि फळीच्या शून्याकडच्या भिंतीला टेकलेलं हवं, तोंड उघडं दिसलं तर एक सेंटीमीटर वजा. फोटोत त्या महिन्याचा सांकेतिक आकडा दिसायला हवा, म्हणजे कोणी जुना फोटो खपवू नये. आणि मासा, काठी किंवा कॅमेरा, कशालाही स्पर्धकाशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये.

तिथे त्याने नाव घेतलं 'गंजकी किल्ली'. 'चिखल्या', 'शांतपाणी', 'आडदांड' अशी बाकीची मंडळी. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. पहिल्याच महिन्यात चिखल्याने त्याच्या माशाखाली लिहिलं, "गंजकी किल्ली, हा मासा आहे की चुकून आलेलं आमिष?" कुलूपवाला दुकानात एकटाच खो-खो हसला. दोन वर्षांत त्याला कोणी असं तोंडावर टोचून बोललं नव्हतं. त्या दिवसापासून त्याला त्या स्पर्धेचं वेड लागलं. तिथे तो आजारी माणूस नव्हता, फक्त छोटे मासे पकडणारा माणूस होता.

एका हाताचा सगळा जुगाड त्याने दुकानात बसून केला. स्टुलाच्या पायाला पाइपचा तुकडा जोडला, काठीचं बूड त्यात उभं राहायचं, म्हणजे डावा हात रीळ फिरवायला मोकळा. हातजाळीला आकडा लावून ती कमरेच्या पट्ट्यात अडकवली. मोबाइलसाठी तीन पायांचं स्टँड, बटण दाबलं की पाच सेकंदांनी फोटो. सांकेतिक आकडा बाकीचे कागदावर लिहायचे, हा गडी पितळेच्या बिल्ल्यावर ठोकायचा, किल्ल्यांवर नंबर ठोकतात तसा. आणि फोटो काढताना उजवा हात तो आठवणीने पाठीमागे ठेवायचा. फोटोत कायम एकच हात, डावा, दांडगा.

या महिन्यात मात्र तो हट्टाला पेटला होता. पहिले पाच जण हंगामाच्या शेवटच्या फेरीसाठी संघात घेतले जाणार होते. पाचात येणं म्हणजे तुल्यबळांत तुल्यबळ म्हणून मोजलं जाणं, हे त्याच्या मनाने पक्कं धरलं होतं. चव्वेचाळीस आणि सत्तेचाळीसचे दोन मासे झाले होते. शेवटचा रविवार उरला होता.

"आज नाही लागला तर?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही असं अशुभ बोलू नका."

"मी विचारतेय, बोलत नाहीये. आणि टोपी घाला, जावईबापू. ऊन डोक्यात जाईल, आधीच तिथे जागा कमी आहे."

मक्याचे दाणे गळाला लावून तो बसला. तासभर पाण्यावरचा तरंगा जागचा हलला नाही. सासूबाईंचा मोजा टाचेपर्यंत आला. मग तरंगा एकदा थरथरला, आडवा झाला आणि सरळ खाली गेला.

पुढची दहा मिनिटं त्याला नंतर नीटशी आठवलीच नाहीत. काठी पाइपातून निखळेल की काय अशी वाकली. स्टूल सरकायला लागलं तसा तो त्याच्यावर बसला. सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभ्या राहिल्या, कारण मदत केली की मासा बाद, हे त्यांना पाठ होतं. "सोडा दोरा! आता ओढा! सोडा म्हणतेय ना!" असा हातांचा सगळा जोर त्यांनी गळ्यात आणला. शेवटी जाळीत आला तो गवत्या मासा होता, लांबलचक, रुपेरी, दंडाएवढा जाड.

फळी त्याने ओली करून ठेवली होती. मासा तिच्यावर ठेवला आणि मासा उडाला. पुन्हा ठेवला, पुन्हा उडाला. एका हाताने शेपूट धरावी तर डोकं वळायचं, डोकं धरावं तर शेपूट फळीवर आपटायची. असं आणखी मिनिटभर चाललं असतं तर माशाचा जीव गेला असता. कुलूपवाल्याने मग विचार न करता खांदा पुढे टाकला, उजवा हात पाण्यात बुडवला आणि तसाच, थंड, ओला, जड, माशाच्या अंगावर आडवा ठेवला.

मासा शांत झाला. एकदम. कल्ले तेवढे हलत राहिले. पकडणाऱ्या हाताला तो झुंजत होता, पण या हाताला काही पकडताच येत नव्हतं. तो नुसता वजन होऊन पडून राहिला, आणि माशाने त्याच्याशी वैर धरलं नाही. कुलूपवाला त्या हाताकडे बघतच राहिला. दोन वर्षांत त्या हाताने केलेलं हे पहिलं काम होतं. डाव्या हाताने त्याने बटण दाबलं, शेपूट सरळ केली, पाच सेकंद गेले, फोटो निघाला. एकसष्ट सेंटीमीटर. मग त्याने माशाला पाण्यात उतरवलं, आधार दिला, आणि मासा शेपटीचा एक फटकारा देऊन खाली गेला.

"रडताय का?" सासूबाईंनी विचारलं.

"पाणी उडालं."

"दोन्ही डोळ्यांत?"

रात्रीच्या जेवणापर्यंत आकडे आले. एकशे बावन्न. पाचवा. सहावा चिखल्या, एकशे साडेएक्कावन्न. बायकोने त्याच्या पाठीत प्रेमाने गुद्दा घातला. उजव्या हाताने काम केलं हे त्याने तिला तीन वेळा सांगितलं आणि तिने तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

सोमवारी सकाळी दुकानात किल्ली कापत असताना मोबाइल वाजला. पंचांचा निरोप होता. 'आपल्या तिसऱ्या माशावर चिखल्या यांनी हरकत घेतली आहे. फोटोत दोन वेगवेगळ्या व्यक्तींचे हात दिसतात. माशावरचा हात वयस्कर व्यक्तीचा वाटतो, कडेला विणकामाची पिशवीही दिसते. उद्या दुपारी बारापर्यंत खुलासा करावा किंवा मासा मागे घ्यावा.'

त्याने मशीन बंद केलं. दोन वर्षांनी हात कामावर हजर झाला आणि पहिल्याच दिवशी त्याला चोर ठरवलं, असं त्याच्या मनात आलं आणि हसूही आलं. पण हसू टिकलं नाही. खुलासा करायचा म्हणजे हात दाखवायचा. हात दाखवला की चिखल्या हळहळणार, आडदांड हात जोडल्याचं चित्र पाठवणार, शांतपाणी लिहिणार, 'तुमच्या जिद्दीला सलाम.' आणि पुढच्या महिन्यापासून त्याचे चाळीसचे मासेसुद्धा लोकांना 'वा, वा' वाटणार. मासे छोटे म्हणून त्याला पुन्हा कोणी चिडवणार नाही. ती एकच जागा उरली होती, तीही हातची जाणार.

मासा मागे घ्यावा, झालं. संध्याकाळी जेवायच्या टेबलाशी त्याने तसं सांगून टाकलं.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे सासूकडून मासा धरवला, हे कबूल."

"तसं कोण म्हणतंय?"

"सगळे म्हणतील. मीही म्हणेन, मी जर तो चिखल्या असते तर." त्यांनी मोबाइल ओढून फोटो डोळ्यांजवळ धरला, आणि त्यांचा आवाज चढला. "आणि हा हात माझा? हा? चाळीस वर्षं लाँड्रीत इस्त्री धरली मी. या काडीने रुमाल तरी दाबला गेला असता का?"

"आई!" बायको ओरडली.

कुलूपवाल्याला मात्र राग आला नाही. कोणीतरी त्याच्या हाताला सरळ काडी म्हणालं होतं, आणि त्याला बरंच वाटलं.

बायकोने ताट बाजूला सारलं. "हे बघ," ती म्हणाली, "लोक तुझ्या हातात घराच्या किल्ल्या देऊन कामावर जातात. आजवर एकाने तरी मागे वळून पाहिलं का? तुला लाचार म्हटलेलं चालणार नाही हे मला माहीत आहे. पण लबाड म्हटलेलं चालेल?"

त्याने आपल्या नखांतल्या पितळेच्या किसाकडे पाहिलं. किल्ली कापणाऱ्याकडे दुसरं असतं काय? एकदा लबाड म्हटलं की मशीन, कानस, कोऱ्या किल्ल्यांची पाटी, सगळं भंगारात घालायचं. तीनशे मैलांवरच्या, तोंड न पाहिलेल्या माणसाने म्हटलं तरीही. त्याने शर्टाची उजवी बाही डाव्या हाताने गुंडाळायला घेतली.

"धरा मोबाइल," तो सासूबाईंना म्हणाला.

दोन्ही हात त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, मध्ये पितळेचा बिल्ला. "मी गंजकी किल्ली," तो म्हणाला, आणि घसा खाकरला. "हे दोन्ही हात माझेच आहेत. डावा कामाचा. उजवा दोन वर्षांपूर्वी झटक्यात गेला, तो पकडू शकत नाही, नुसता ठेवता येतो. रविवारी ठेवला. नियमात कामाचाच हात पाहिजे असं लिहिलेलं नाही." उजवा हात त्याने खांद्यातून उचलून दाखवला. तो जेवढा उठतो तेवढाच उठला आणि टेबलावर धप्पकन पडला. इथे थांबायचं ठरलं होतं. पण तेवढ्यात चित्रात तिसरा हात घुसला, रुंद, जाडजूड, अंगठ्याखाली इस्त्रीचा जुना डाग असलेला.

"आणि हा माझा," सासूबाईंचा आवाज आला. "नीट बघून घ्या. पुन्हा चूक नको."

तो भाग कापून टाकू या, असं तो म्हणेपर्यंत सासूबाईंनी पाठवायचं बटण दाबलं होतं.

मंगळवारची सकाळ काही केल्या सरेना. एका किल्लीचे दात त्याने दोनदा चुकवले. पावणेबारा, बारा, सव्वाबारा. डबा घेऊन आलेल्या सासूबाई "भात गार होतोय" म्हणाल्या आणि स्वतःही जेवल्या नाहीत. साडेबाराला निरोप आला. त्याने तो मोठ्याने वाचायला घेतला.

"'दोन्ही हात स्पर्धकाचेच आहेत, हरकत फेटाळली.'" त्याने श्वास सोडला. सासूबाईंनी "हं!" असा विजयाचा हुंकार दिला. "'मात्र फेरतपासणीत माशाचं तोंड उघडं दिसतं. नियमाप्रमाणे एक सेंटीमीटर वजा. सुधारित बेरीज एकशे एक्कावन्न. स्थान सहावं.'"



"एका सेंटीमीटरसाठी?" सासूबाई उसळल्या. "काळीज आहे की दगड? हात बघितला ना त्यांनी? हात बघूनसुद्धा कापला?"

कुलूपवाल्याने फोटो मोठा करून पाहिला. खरंच, तोंड उघडं होतं. बोटभर नाही, पण होतं. त्या पाच सेकंदांत तो माशाच्या तोंडाकडे बघतच नव्हता, आपल्या हाताकडे बघत होता. आणि मग तो हसायला लागला. आधी बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हात बघूनसुद्धा कापला, आई," तो म्हणाला. "बघूनसुद्धा!"

सासूबाई त्याच्याकडे काळजीने बघत राहिल्या. मग त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी डबा उघडला आणि त्याच्या ताटलीत भात जरा जास्तच वाढला.

जेवताना चिखल्याचा निरोप आला. 'हाताबद्दल चुकलो, माफ करा. तोंडाचं मी पाहिलं नव्हतं, पण पंचांचं बरोबर आहे. सेंटीमीटर परत मिळणार नाही, पाचवा मीच. आता एक सांगा, एवढा मोठा गवत्या फळीवर शांत राहिला कसा? माझे उड्या मारून निम्मे फोटो वाया जातात.'

कुलूपवाल्याने डाव्या अंगठ्याने सावकाश लिहिलं. 'थंड, ओला, जड हात ठेवायचा, पकडायचं नाही. तसा हात नसेल तर ओला फडका चालेल. पण हातासारखं होत नाही.' मग त्याने पुढच्या महिन्यासाठी नाव नोंदवलं.

संध्याकाळी दुकान बंद करून तो घराकडे न वळता बेकरीच्या मागच्या दाराशी गेला. खाचांची लाकडी पट्टी त्याच्या काखेत होती. आत तिघं बसले होते. बेकरीवाला उठून खुर्ची ओढायला लागला.

"बस तू," कुलूपवाला म्हणाला. "खुर्ची मला ओढता येते. पानं वाट."

तो जिंकत चालला होता. मग त्याने किलवरचा राजा टाकला आणि बेकरीवाला घुटमळला. एका पानावरून दुसऱ्या पानावर त्याची बोटं गेली, परत आली. खोलीत चौघांनाही माहीत होतं काय चाललंय ते.

"असेल तर टाक," कुलूपवाला म्हणाला. "नाहीतर मी पुन्हा दोन वर्षं येत नाही. आणि पावही परत पाठवीन."

बेकरीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. मग किलवरचा एक्का काढून टेबलावर असा आपटला की पिठाचा धुरळा उडाला, आणि राजा ओढून घेतला.

"हरामखोर," कुलूपवाला खूश होऊन म्हणाला, आणि पुढचं पान काढायला लागला.